धोळीचा ळ

बासोड्याच्या दिवशी आमच्या लाईनीत एकाच क्वार्टरमधून धूर निघत होता, आमच्या. बाकी सगळ्यांनी शीतळामातेसाठी चूल गार ठेवलेली, ताटात आदल्या दिवशीचं शिळं. आजोबांनी देवाधर्माचं हे सगळं नागपूरलाच सोडलं, मी जन्मायच्या कितीतरी आधी, म्हणून आमच्याकडे हा सण नसतो. पण नसतो तर गुपचूप भात लावावा, तेही नाही. आईने खिडकी सताड उघडली आणि वांगी भाजायला घेतली.

"वास बाहेर जातोय, वहिनी," पंडितकाका चपला काढता काढता म्हणाले.

"जाऊ द्या," आई म्हणाली.

काकांच्या हातात डबा होता, त्यांच्या घरमालकिणीने दिलेले, गुळाच्या घाऱ्यांसारखे गार पुए. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बँकेत ऑफिसर आहेत, बापूनगरात भाड्याने राहतात, आणि तिकडे त्यांचीही चूल बासोड्याला बंद असते. डबा कुठे ठेवावा म्हणून त्यांनी टीपॉयकडे बघितलं. टीपॉयवर फॉर्म होता, उडू नये म्हणून त्याच्यावर आजोबांचा ब्रशांचा डबा. काकांनी पुए खुर्चीवर ठेवले आणि स्वतः उभे राहिले. तेव्हाच मला कळलं की आज ते मऊ बोलणार नाहीत.

इंदुमती आत्या सकाळच्या गाडीने कोट्याहून आली होती. ती तिकडे दवाखान्यात नर्स आहे, आणि आमच्या घरात काही बिनसलं की ती रजा टाकून येते, मग बिनसलेलं आणखी बिनसतं. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, पेपर उघडा, पान एकच. आजोबा मागच्या व्हरांड्यात धोळीबरोबर. मी दारात. मला बसायला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी मी बसले नसते.

सगळी भानगड माझ्यामुळे झाली होती. आधी ते सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी लपवून राहिले.

आजोबा रेल्वेत पेंटर होते. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात स्टेशनांची नावं लिहायची, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा मालधक्क्यावर कागद-लोखंड वेचणारी पोरं त्यांनी मागच्या व्हरांड्यात आणून बसवली. त्यांची शिकवायची पद्धत उलटी. आधी अक्षर रंगवायचं, मग ते वाचायचं. खडूत बुडवलेली दोरी ताणून फळीवर आपटली की सरळ रेघ उमटते, त्या रेघेला अक्षर टांगायचं. "लिहिलेलं पुसलं जाते," ते म्हणायचे, "रंगवलेलं डोक्यात बसते." मोतीबिंदू झाल्यावर त्यांना बारीक दिसेना, तेव्हा शब्द सांगायचं काम माझ्याकडे आलं. नववीतून शाळा सोडून मी घरीच होते. आमच्या घरात त्याला "ते डस्टरचं" म्हणतात आणि पुढे कोणी बोलत नाही.

यंदा त्यातली एक पोरगी तयार झाली होती, धोळी. तेरा वर्षांची असेल, तिलाही नक्की माहीत नाही. सत्याऐंशीच्या अकालात चाकसूच्या पलीकडच्या कुठल्या गावातून माणसं रस्त्याच्या कामावर आली, त्यात ती. आई तापात गेली. बाप खाणीवर जातो म्हणाला आणि आला नाही. तिची रेघ माझ्यापेक्षा सरळ येते. स्टेशन रोडवर एक सरकारी केंद्र आहे, तिथे सहा महिने पाट्या रंगवायचं शिकवतात, राहायला खाट देतात, शेवटी सर्टिफिकेट. मुलींसाठी जागा दोन. एक भरलेली होती.

काल मी तिला घेऊन तिथे गेले. नमुना म्हणून तिने रंगवलेली पाटी काखेत, 'जयपूर स्टेशन की ओर', खाली बाण. केंद्राचे उमाकांतजी भले माणूस आहेत, चष्मा कपाळावर चढवून पाटी बघत राहिले, रेघेवरून बोट फिरवलं, वाहवा म्हणाले. मग बोट थांबलं. जयपूरच्या 'पू'वर.

हिंदीत 'पु'ला पहिला उकार असतो. सगळ्या जयपूरला माहीत आहे, स्टेशनवर हातभर मोठ्या अक्षरात लिहिलंय, मी रोज त्याच्याखालून जाते. आणि तरी मी धोळीला दुसरा उकार सांगितला, कारण आमच्या घरात नागपूरला दुसरा, सोलापूरला दुसरा, म्हणून जयपूरलाही दुसरा. माझ्या डोक्यात कधी शंकाच आली नाही.

उमाकांतजी रागावले नाहीत, पाटी सुधारून आणा म्हणाले. मग फॉर्म बघितला. पालकाची जागा रिकामी होती, तिथे नोकरीवाल्या माणसाची सही पाहिजे म्हणाले. आणि मग नावावर आले. मी लिहिलं होतं, धोळी. त्यांनी तांबड्या पेनाने ळ खोडला आणि वर ल लिहिला.

"ये अक्षर हिंदी में नहीं होता, बेटा."

मी म्हटलं, तिच्या नावात होतो. ते म्हणाले, परवापर्यंत कोरा फॉर्म भरून आणा, नाव नीट लिहा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, यादी लांब आहे. मी काहीतरी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. धोळीने माझी ओढणी धरून मला बाहेर ओढलं.

म्हणून बासोड्याला बैठक.

आधी काका बोलले. ओरडले नाहीत, बँकेत ग्राहकाला समजावतात तसं एकेक बोट मोडत सांगितलं. पालक म्हणून सही करणं म्हणजे खेळ नाही. उद्या पोरगी पळाली, आजारी पडली, पोलिसात गेली, तर कागदावर बाबांचं, भगवान ढवळेचं नाव. क्वार्टरच्या मागे वर्ग भरतो म्हणून आधीच कोणीतरी ऑफिसात कागद टाकला आहे. आणि एवढं करूनही करायचंच असेल तर मुकाट ल लिहा आणि मोकळे व्हा. "हिच्या हट्टापायी त्या पोरीची खाट जाईल," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिचं काय, ही घरात झोपते."

हे मला लागलं, कारण रात्रभर मीही तेच घोकत होते.

काकांच्या जागी बसून बघितलं तर त्यांचं काही चूक नव्हतं. ते जयपूरला आले तेव्हा चार ठिकाणी घर बघितलं होतं. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, मराठी मतलब कौन? जोशी-देशपांडे की कोई और? चौथ्या ठिकाणी त्यांनी नाव धवल सांगितलं. पी. बी. धवल. पुढचा प्रश्न आलाच नाही. बँकेत धवल, दारावर धवल, आणि आता घरमालकीण पुए देते. एक-दोन अक्षरं सोडून माणसाला शांत जगता येत असेल तर त्याने का सोडू नये? हे ते कधी मोठ्याने बोलत नाहीत. पण आमच्या घरी आले की दारावरच्या पाटीकडे एकदा बघतात, ते मी टिपलंय.

दारावरची पाटीसुद्धा काही शहाणी नाही. 'भ. ब. ढवले, पार्सल क्लर्क.' बाबा नोकरीला लागले तेव्हा कोणा बाबूने रेकॉर्डात ल लिहिला, तो ल पगारपत्रकात गेला, पासवर गेला, राशनकार्डावर गेला. आजोबांचं बळवंत होतं, त्याचं बलवंत झालं. आणि पाटी आजोबांनीच रंगवली, स्वतःच्या हाताने, रेकॉर्डात आहे तशी.

मला वाटलं आत्या माझ्या बाजूने बोलेल. ती नेहमी बोलते. डस्टरच्या वेळी सगळे माझ्यावर तुटून पडले तेव्हा एकटी तीच हसली होती. पण ती काकांच्या बाजूला जाऊन बसली.

"रत्ना, ल लिही," आत्या म्हणाली. "स्टेशनवर झोपणाऱ्या पोरी वॉर्डात येतात ना, त्यांना मी हातांनी धुते. कशा येतात ते तुला सांगणार नाही. खाट मिळून राहिली, घे. अक्षराचं मागून बघू."

मी म्हटलं, मागून कोण बघतं. बाबांचं कोणी बघितलं?

बाबांनी पेपरचं पान उलटलं, इतक्या वेळात पहिल्यांदा.

आजोबा व्हरांड्यातून आत आले, हातात घासलेटचा बोळा. त्यांच्यामागे धोळी. आजोबांना सगळं ऐकू गेलं होतं, कान त्यांचे ठणठणीत आहेत. ते माझ्यासमोर थांबले.

"तो दुसरा उकार तुला मी देला," ते म्हणाले. "नवा होतो तेव्हा एका लहानशा स्टेशनाची पाटी लिहिली. पूर. दुसरा उकार. दीड वर्ष कोणाच्या ध्यानात नाही आलं. मंग साहेब आले इन्स्पेक्शनले, अन् लेखी माफी द्या लागली. सिडीवर चढून खरडली मी ते पाटी, खाली सगळं स्टेशन उभं पाह्यत."

"हे कधी सांगितलं नाही तुम्ही," काका म्हणाले.

"काऊन सांगू. चूक होती ते. सुधारली." आजोबांनी बोळा धोळीच्या हातात दिला. "पोरीनं बी सुधारली. जाऊन पाहा."

मी व्हरांड्यात डोकावले. पाटी भिंतीला टेकवलेली, उकार ब्लेडने खरडून पिवळा रंग परत भरलेला, त्यावर पहिला उकार, ओला, चमकत होता. मी रात्रभर उमाकांतजींना मनात शिव्या घालत होते आणि हिने माझी चूक दुरुस्तही करून टाकली होती, मला न विचारता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा आला, पण कोणावर काढावा ते समजेना.

"मग ळसुद्धा सुधारा," काका म्हणाले. "एक चूक मान्य, तर दुसरी का नाही?"

आजोबा धोळीकडे वळले आणि त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत विचारलं की बाई, कोळशाचा रंग कसा.

"काळो," धोळी म्हणाली.

आणि हे? त्यांनी गळ्याला हात लावला.

"गळो."

आत्याने मान वर केली. मीही. दोन वर्षं ती पोरगी आमच्या घरात बोलत होती आणि मी एकदाही ऐकलं नव्हतं. मी समजत होते की ळ मी तिला दिला, आमच्या घरातून, जसा दुसरा उकार दिला तसा. तिने तो तोंडातच आणलेला होता. आमच्याकडे फक्त त्याचं अक्षर होतं.

काका मात्र मागे हटणारे नाहीत. ते धोळीशी चांगल्या हिंदीत बोलले, आवाज मऊ ठेवून. समजावलं की नाव 'धोली' लिहिलं तर उद्याच जागा मिळेल, नाहीतर कदाचित नाही मिळणार. तुझं नाव आहे, तूच सांग. मला काकांचा संताप आला, पण खरं सांगायचं तर हे आधी मी विचारायला पाहिजे होतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

धोळीने बोळ्याने बोटांचा काळा रंग पुसला. एकेक बोट, घाई न करता. मग काकांकडे बघितलं.

"धोली कुण छै?" ती म्हणाली. "म्हूं तो धोळी छूं."

धोली कोण? मी तर धोळी. वाद नव्हता त्यात, राग नव्हता. खरंच विचारत होती, की ही दुसरी कोण पोरगी आहे जिला तुम्ही माझी खाट देताय.

आत्या उठली, काकांच्या शेजारून पलीकडे आली आणि आजोबांच्या बाजूला बसली. आपण कोणाचं अंग धुतो ते आपल्याला नावासकट माहीत असतं, असं तिने एकदा सांगितलं होतं, बहुतेक ते आठवलं असेल.

आईने स्वयंपाकघरातून पानं मांडली म्हणून हाक मारली. गरम भरीत, भात, आणि वेगळ्या ताटलीत कालची भाकरी. ती ताटली तिने धोळीसमोर ठेवली. चाकसूची पोरगी आज गरम खाणार नाही, हे आईने न विचारता ओळखलं होतं. लाईनीला वास गेलाच पाहिजे म्हणून खिडकी उघडणारी हीच बाई. मग तिने काकांचे पुएही त्या ताटलीत वाढले, हात पदराला पुसले आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. आमच्यासमोर ती बाबांशी असं बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"शाळेत हिच्यापायी हात जोडून आलात, तेव्हा मी काही म्हटलं नाही. घरी येऊन दोन दिवस जेवला नाहीत, तेव्हाही नाही म्हटलं. आज मी म्हणते."

काय म्हणते, ते तिने सांगितलं नाही. फॉर्म उचलून त्यांच्या पेपरवर ठेवला.

डस्टरचं आता सांगायलाच पाहिजे. हिंदीच्या मॅडम हजेरीला ढवले म्हणायच्या, मी ढवळे म्हणून सांगायची. रोज. एक दिवस त्यांनी वर्गाला विचारलं की ये कौन सी भाषा है, मुँह में गरम आलू रखकर बोलने वाली, आणि चाळीस पोरी हसल्या. टेबलावर डस्टर होतं. बाबांना बोलावणं आलं. ते गेले, हात जोडले, 'ढवले' म्हणून माफीच्या कागदावर सही केली आणि मला म्हणाले, चल. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाही, नंतरही नाही. शाळेवर राग होता तो महिन्याभरात गेला. बाबांवरचा दीड वर्षं राहिला.

बाबांनी खिशातून पेन काढलं. आधी मुलीचं नाव लिहिलं, धोळी. सावकाश, पार्सलवर पत्ता लिहितात तसं. मग पालकाचं. भगवान बळवंत ढवळे. पेन उचललं नाही, त्याच ओघात खाली सही.

"दादा," काका म्हणाले. "सर्व्हिस रेकॉर्डात ल आहे. सही जुळणार नाही. फॉर्म परत येईल, वर ऑफिसात विचारतील की दोन नावं कशी."

"विचारतील," बाबा म्हणाले.

"मग काय सांगशील?"

बाबांनी पेनला टोपण लावलं. "सांगीन, एक चुकीचं होतं."

काका जेवले नाहीत. पण गेलेही नाहीत. दुपारभर व्हरांड्यात बसून राहिले आणि उकार वाळेपर्यंत पाटीवरच्या माशा पेपरने हाकलत होते. निघताना धोळीला विचारलं, त्यांच्या दाराची पाटी जुनी झाली आहे, जमेल का. काय लिहायचं ते सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकली. सायकल हातात धरून ते पुढे, पाटी डोक्यावर घेऊन धोळी मध्ये, मी मागे. उमाकांतजींनी पाटी बघून मान डोलावली. फॉर्म वाचला. बाबांचं रेल्वेचं कार्ड शेजारी ठेवलं. तांबडं पेन हातात घेतलं. माझे दात आपोआप आवळले गेले, पण मी तोंड उघडलं नाही. उघडायची पाळी माझी नव्हती.

"ढवले साहब, कार्ड पर तो ल है."

"कार्ड पर गलत है," बाबा म्हणाले. बावीस वर्षं ते कार्ड त्यांच्या खिशात होतं.

उमाकांतजींनी समजावलं की नावाचं शपथपत्र लागेल, महिन्याभरात द्यावं लागेल, नाहीतर त्यांच्यावर येईल. बाबा म्हणाले, देईन. उमाकांतजींनी विचारलं, मुलीच्या नावाचं काय, हे अक्षर आमच्या रजिस्टरात आजवर कोणी लिहिलेलं नाही. बाबा म्हणाले, मग आज लिहा.

उमाकांतजी हसले की वैतागले, ते मला कळलं नाही. रजिस्टर उघडलं. 'धो' लिहिला. मग फॉर्मवरचा ळ बघून तसा काढायला गेले, जिलेबी झाली. खोडून परत काढला, तो आडवा पडला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, रजिस्टर उलटं फिरवून धोळीकडे सरकवलं आणि निळं पेन तिच्यासमोर धरलं. तू ही लिख दे, म्हणाले.

धोळीने पेन ब्रशसारखं धरलं. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे करंगळी कागदावर टेकवली, म्हणजे हात हलत नाही. पहिला गोल, दुसरा गोल, बाजूला दांडी, वर रेघ, मग वेलांटी. सबंध पानात तेवढंच एक नाव ज्याचं त्याने लिहिलेलं होतं.

ती आत गेली, पाटी घेऊन. मागे वळून बघितलं नाही, आणि मला ते आवडलं.

परत येताना मी आणि बाबा दोघंच. ते सायकलवर बसले नाहीत, माझ्या बाजूने ढकलत चालले. दीड वर्षात आम्ही दोघं एवढं लांब एकत्र चाललो नव्हतो. स्टेशनसमोर आलो तेव्हा त्यांनी विचारलं,

"ते डस्टर मॅडमना लागलं होतं?"

इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. नुसती माफी मागून आले होते.

"नाही," मी म्हटलं. "फळ्याला लागलं."

सायकलची चेन खडखडत होती.

"म्हणजे मी फळ्याची माफी मागून आलो," बाबा म्हणाले.